नारिंगी क्रोमाइडची जोडी लावली की मादी मार खाते, तेव्हा

खाडीतून पकडून आणलेले सहा नारिंगी क्रोमाइड मासे एका टाकीत असतात. काही दिवसांनी त्यातले दोघं कायम बरोबर फिरायला लागतात, पोटाखालून काळे पडतात, एखादा दगड मिळून घासूनपुसून ठेवतात. जोडी जमली म्हणून आपण त्यांना अंड्यांसाठी वेगळ्या टाकीत हलवतो. दोन-तीन दिवसांत एकाची शेपटी फाटलेली, अंगावरचे खवले उडालेले, आणि तो बिचारा हीटरच्या मागे तोंड वर करून उभा. मग वेगळं करायचं, जखम भरू द्यायची, पुन्हा एकत्र सोडायचं, की ये रे माझ्या मागल्या.

यावर दुकानदारापासून जुन्याजाणत्या शौकिनापर्यंत सगळे एकच सांगतात: नर तापट आहे, दुसरा बघा. दुसरा आणला की चार दिवसांत तोही तसाच वागतो. नर बदलण्याच्या आधी टाकीची मांडणी बदलून बघा, असं मी सांगेन. ही मारामारी बहुतेक वेळा सुरू होते ती आपण जोडीला एकटं पाडतो म्हणून.

एकांत हाच घोळ

नारिंगी क्रोमाइड हा दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यालगतच्या खाड्या, खाजणं आणि नद्यांच्या मुखाजवळच्या पाण्यातला मासा. सिक्लिड कुळातले मासे भारतात मूळचे तीनच. एक आपली काळुंदर, म्हणजे केरळची करीमीन, जिला २०१० साली तिथे राज्यमाशाचा मान मिळाला. दुसरा कर्नाटकातल्या नेत्रावतीच्या पट्ट्यातला कॅनरा पर्लस्पॉट. आणि तिसरा हा, जेमतेम आठ सेंटिमीटरचा. दुकानात मिळतो तो पिवळाधमक क्रोमाइड टाकीत पैदास केलेला असतो आणि तुलनेनं समजूतदार असतो. पाण्यातून थेट आलेला मासा मळकट पिवळसर, अंगावर नारिंगी ठिपक्यांच्या ओळी आणि कुशीवर काळे डाग असलेला. त्याच्याशी गाठ पडली की टाकीतल्या माशांचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत.

हा मासा झुंडीत वाढतो. अंडी घालायच्या वेळी नर-मादी दोघं मिळून थोडी जागा धरतात आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला हाकलतात. या काळात दोघांच्याही अंगात रग चढलेली असते, ती मादीतही असते. नैसर्गिक पाण्यात ती निघायला शेजारी असतात, फिरते लुटारू मासे असतात, आपल्याच जातीतले बिनजोडीचे असतात. दिवसभर त्यांना पिटाळण्यात दोघांचा वेळ जातो. आपण काय करतो, तर त्यांना शांतता मिळावी म्हणून दोन फुटी टाकीत दोघांनाच ठेवतो. रग तेवढीच, पण समोर मासा एकच. तो म्हणजे जोडीदार.

ही नुसती शौकिनांची समजूत नाही. याच जातीच्या एकट्या ठेवलेल्या जोड्यांवर १९६९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आपल्या जातीचे इतर मासे नजरेसमोर नसले की जोडीतली भांडणं वाढतात आणि पैदास घटते, असा त्याचा रोख होता. मोठ्या सिक्लिडची पैदास करणारे लोक तर वर्षानुवर्षं 'मार खायला' म्हणून एखादा मासा काचेपलीकडे ठेवत आले आहेत.

म्हणून रग मोडायच्या मागे लागू नका. ती जोडीच्या बाहेर कशी वळेल तेवढं बघा.

मांडणी

माझी पसंती चार फुटी टाकीला. दीड फूट रुंद, दीड फूट उंच घेतली तर अडीचशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. जोडीला बाहेर काढायचंच नाही. ती ज्या टोकाला जागा धरून बसली आहे तिथेच राहू द्यायची आणि उरलेल्या माशांना पारदर्शक काचेच्या पलीकडे करायचं. काच तळापासून पाण्याच्या वरपर्यंत हवी, आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र स्पंज फिल्टर. जोडीला सव्वादोन-अडीच फूट, बाकीच्यांना उरलेलं.

पहिल्या दिवशी दोघं काचेला चिकटतात. कल्ले फुगवून समोरच्यावर धावतात, काचेवर आपटतात, आडवे होऊन शेपटीनं पाणी मारतात. बघणाऱ्याला वाटतं, आता काही खरं नाही. पण नीट बघा. काचेवरून परतताना ते एकमेकांच्या अंगाशेजारून जातात, डोकं हलकं थरथरवतात, आणि दगडाकडे जाऊन पुन्हा तो चोखायला लागतात. हे काचेपाशी जाणं आणि परत येणं सुरू झालं की माझा जीव भांड्यात पडतो. जोडी आता एका बाजूला आहे.

काच मात्र पुसत राहा. शेवाळाचा हिरवा थर चढला, पलीकडचं दिसेनासं झालं, की दोन-तीन दिवसांत भांडण घरात येतं. 'महिनाभर छान होते आणि अचानक बिनसलं' अशी तक्रार आली की मी आधी काचेबद्दल विचारतो.

काच बसवायची सोय नसेल तर सगळे मासे एकत्रच ठेवून जोडीला जागा धरू द्यावी. त्यासाठी सहा-आठ मासे हवेत. तीन मासे हा सगळ्यात वाईट आकडा, कारण दोघं मिळून तिसऱ्याला संपवतात आणि मग एकमेकांकडे वळतात. पृष्ठभागाजवळ फिरणारे मॉली सोबतीला चालतात. त्यांना मचूळ पाणी मानवतं, आणि ते उघड्यावर फिरताना दिसले की भेदरलेले जंगली मासेही बाहेर येतात. अर्थात मॉली संधी मिळाली की अंडी आणि पिल्लं खातात. पहिल्या एक-दोन वेळी हे नुकसान मी सोसेन, कारण जोडी टिकणं जास्त मोलाचं. काळुंदरीची पिल्लं सोबतीला ठेवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. मूळ पाण्यात हे दोघं शेजारी असतात, नारिंगी क्रोमाइड काळुंदरीच्या अंगावरचे परजीवी टिपतो आणि वेळ आली की तिचीच अंडी खातो. नातं मजेशीर आहे, पण काळुंदर वीतभर सहज होते आणि चार फुटी टाकी तिला पुरत नाही.

आरसा लावायची युक्ती बरेच जण सांगतात. दहा-पंधरा मिनिटांपुरती ठीक. दिवसभर ठेवला तर नर आरशापुढून हलत नाही, खाणंही सोडतो.

आडोसे भरपूर हवेत, पण कोणते? गुहा हवीच असं नाही, नजर अडली पाहिजे. कडप्प्याचे किंवा शहाबादी फरशीचे तुकडे उभे रोवा, थोडे तिरके, म्हणजे एका टोकावरून दुसरं टोक एका नजरेत दिसणार नाही. दोन्ही चुनखडीचेच दगड, त्यामुळे या माशाला लागणाऱ्या जड पाण्यात ते बिनघोर चालतात. फरशीच्या दुकानाबाहेर फुकट पडलेले असतात. धार असेल तर घासून घ्या. मंगळुरी कौलाचा तुकडा अंडी घालायला आवडतो. एक बंद गुहा देऊन मात्र फसू नका. मार खाणारा आत शिरतो, मारणारा तोंडाशी बसतो, आणि बाहेर पडायला दुसरी वाट नसते. पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी उघडा.

पलीकडे शेजारी असूनही मार चालू असेल तर

इथे बहुतेक वेळा मादी तयार नसते. नर रंगात आलेला, मागे लागलेला, आणि मादीच्या पोटात अंडीच नाहीत. ती पळते, पळणारा मासा म्हणजे हाकलायचा मासा, आणि तो हाकलतो. पकडून आणलेल्या माशांत हे फार होतं. कारणं सगळी टाकीत येण्याआधीची असतात: जाळ्यात ओरखडे, पिशवीत उपाशी प्रवास, पोटात जंत, कल्ल्यांत परजीवी. नर याच हालअपेष्टांतून लवकर सावरलेला दिसतो कारण त्याला अंडी भरायची नसतात.

मादीचं पोट कल्ल्यांमागे आत गेलेलं आहे का? विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते का? एकच कल्ला हलवते किंवा दगडावर अंग घासते का? यांतलं काही असेल तर जोडी लावण्याचा विषय बंद करून आधी उपचार. आतल्या गोल जंतांवर लेव्हामिसोल आणि कल्ल्यांवरच्या परजीवींवर प्राझिक्वांटेल ही दोन औषधं या छंदात वापरली जातात. मात्रा पाकिटावरची किंवा मासे जाणणाऱ्या पशुवैद्याची. 'थोडं जास्त टाकू' हा प्रकार करू नका. हे सगळं वेगळ्या क्वारंटाइन टाकीत, आणि नवे मासे किमान तीन-चार आठवडे तिथेच.

मग खाणं. पकडलेला मासा कोरडं खाद्य पहिल्यांदा थुंकतो. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे), स्वच्छ पाण्यातल्या डासांच्या अळ्या दिवसातून दोन-तीनदा थोड्या थोड्या द्याव्यात, हळूहळू दाणे मिसळावेत. मादीला वेगळं खाऊ घालायचं, नराला कमी. ती बाजूनं गोल दिसू लागली, तोंडासमोरून बघितल्यावरही पोट दोन्ही बाजूंना भरलेलं दिसलं, की मग एकत्र आणायचं. घाई इथेच नडते.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. मुंबई-पुण्याच्या नळाला धरणाचं मऊ पाणी येतं, ते या माशाला नुसतं पुरत नाही. मरीन टाकीसाठी मिळणारं मीठ घालून हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजायचं साधन) १.००३ ते १.००५ ठेवलं तर मासे शांत राहतात आणि जखमांवर बुरशीही कमी धरते. मीठ एकदम टाकायचं नाही, पाणी बदलताना थोडं थोडं वाढवायचं. किराणा दुकानातल्या खडेमिठात पाणी अल्कधर्मी ठेवणारे क्षार नसतात, त्यामुळे ते उपचारापुरतंच. तापमान २६ ते २८ अंश. अशा अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त घातक ठरतो, म्हणून चाचणी किट जवळ ठेवा. कल्ले जळजळत असलेला मासा चिडचिडा होतो आणि आपण त्याला 'तापट' म्हणून मोकळे होतो.

मुळात नर-मादी आहेत का

हे आधी विचारायला हवं, पण लोकांना पटत नाही म्हणून नंतर लिहितोय. या जातीत नर-मादी दिसायला जवळपास सारखे. नर थोडा मोठा असतो, एवढ्यावर जोडी लावणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. पकडलेल्या माशांची वयं वेगवेगळी असतात, त्यामुळे मोठा म्हणजे नुसता वयानं मोठा असू शकतो. खात्री अंडी घालायच्या दिवसांतच होते, तेव्हा पोटाखालची नळी बाहेर येते: नराची बारीक, टोकदार, मादीची जाड, बोथट. टॉर्च लावून बाजूनं बघा, मासा हातात घेऊन उलटा करायची गरज नाही.

दोन माद्याही जोडी करतात. शांत राहतात, दगड साफ करतात, दोघी अंडी घालतात, आणि सगळी अंडी दोन दिवसांत पांढरी पडतात. अंडी नेहमीपेक्षा खूप जास्त आणि एकही फळत नसेल तर शंका घ्या. दोन नर असतील तर उलटं चित्र: तोंडात तोंड अडकवून ओढाओढ, रोज, तासन्‌तास, कोणीही माघार घेत नाही. तिथे काच, आडोसे, खाणं कशाचाही उपयोग नाही. एकाला काढा.

किती भांडण चालतं

खऱ्या जोडीतही तोंडातोंडी होते. एकमेकांची ताकद आजमावणं तो जुळण्याचाच भाग आहे, आणि मादीनं नराला उलट धक्का दिला तर मला बरंच वाटतं. बरोबरीची जोडी टिकते. बघायचं ते पुढे काय होतं ते. हरलेल्यानं अंग तिरकं करून, पंख मिटून, रंग फिका करून माघार घेतली, आणि जिंकलेला वळून निघून गेला, तर ठीक. माघार घेतल्यावरही पाठलाग चालू राहिला, कोपऱ्यात गाठून खवले उपटायला लागला, तर त्याच क्षणी वेगळं करायचं. 'आता मिटेल' म्हणून रात्र जाऊ द्यायची नाही. लहान टाकीत हरलेल्याला दूर जायला जागा नसते, आणि जिंकलेल्याला तो समोर दिसतच राहतो.

धोक्याच्या खुणा मी या क्रमानं मानतो: खाण्याच्या वेळी एक जण बाहेरच येत नाही, एक जण कायम वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरमागे, पंखांच्या कडा कुरतडलेल्या, डोळ्याला किंवा जबड्याला इजा. फाटलेला पंख पुन्हा येतो. जबडा निखळलेला मासा खाऊ शकत नाही, आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून हळूहळू खंगतो. तोंड मिटत नाही असं दिसलं तर वाट बघू नका.

पुन्हा एकत्र आणताना

वेगळं केल्यावर चुकीचा मासा टाकीत राहतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मार खाणाऱ्याला दया म्हणून बाहेर काढतात आणि मारणारा आपल्या जागेवर राजा होऊन बसतो. जखम भरून ती परत आली की त्याच्या दृष्टीनं ती परकी. म्हणून जखमी माशाची मलमपट्टी झाली की जागा बदला: मारणारा बाहेर, दोन-तीन आठवडे, शक्यतो त्याच्याहून मोठ्या माशांच्या टाकीत. मादी मूळ टाकीत, तिला जागा धरू द्या, कडप्पे हलवा, कौल दुसऱ्या कोपऱ्यात न्या. मग नराला आणून आधी पारदर्शक काचेच्या किंवा बारीक जाळीच्या मागे ठेवा. दोघं जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर राहून डोकं थरथरवायला लागले, मादी त्याला बघून पळत नसेल, तर संध्याकाळी, पोटभर खाऊ घालून, दिवे मालवून जाळी काढा. पलीकडचे शेजारी मात्र त्याआधीच जागेवर असू द्या.

जाळीला मादीपुरतं भोक पाडायची युक्ती मोठ्या सिक्लिडमध्ये चालते, कारण तिथे नर दीडपट असतो. क्रोमाइडमध्ये नर-मादीच्या आकारात इतका थोडा फरक असतो की भोकातून दोघंही जातात. त्यात वेळ घालवू नका.

दोन वेळा हे सगळं नीट करूनही नर तसाच वागला तर ती जोडी सोडून द्या. सहा-आठ माशांतून दुसरी जोडी आपोआप जमेल. आपण ठरवलेल्या स्थळापेक्षा त्यांनी ठरवलेलं बरं. आणि म्हणूनच पकडलेले दोनच मासे 'पक्की जोडी' म्हणून कोणी जास्त पैशांत देत असेल तर घेऊ नका. पिशवीत घालून दुसऱ्या टाकीत सोडल्यावर पक्की जोडीही बऱ्याचदा पक्की राहत नाही. कुर्ल्याच्या बाजारात किंवा कुठेही, एकाच खेपेतले, सारख्या मापाचे, अजून पूर्ण न वाढलेले सहा मासे मागा. पैसे तेवढेच पडतील.

अंडी आल्यावर पुन्हा बिनसलं तर

इथे बरेच जण गोंधळतात. इतके दिवस ठीक होतं, अंडी आली आणि एक जण दुसऱ्याला दगडाजवळ येऊ देत नाही. पहिल्या विणीला हे होतं. दोघांनाही अंड्यांना वारा घालायचा असतो आणि पाळी कशी बदलायची ते जमलेलं नसतं. पाठलाग दगडापुरता असेल, दुसरा थोडा लांब उभा राहून पहारा देत असेल, तर हात घालू नका. पहिली अंडी ते खाऊन टाकतील, कदाचित दुसरीही. जमायला वेळ लागतो.

अंडी साधारण तीन-चार दिवसांत फुटतात. आईबाप वळवळणाऱ्या पिल्लांना तोंडात घेऊन वाळूतल्या खड्ड्यात नेतात, म्हणून तळाला बारीक वाळू हवीच. पुढे पाच-सात दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात आणि आईबापांच्या अंगाला घासून घासून त्यांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. ताजी फुटलेली आर्टेमिया वरून द्या, पण या स्रावाची जागा ती पूर्णपणे भरून काढत नाही. त्यामुळे 'मारामारी नको' म्हणून एका पालकाला काढलं तर उरलेल्या एकावर सगळी पिल्लं तुटून पडतात आणि तोही त्यांना झटकायला लागतो. दोघंही हवेत.

आणि पिल्लं काढायची वेळ आली की सगळी एकदम उचलू नका. सकाळपर्यंत शंभर जीव राखणाऱ्या जोडीसमोर संध्याकाळी काहीच नसलं की दोघं एकमेकांना शोधत येतात, आणि बरेचदा त्याच रात्री मादी पुन्हा हीटरमागे सापडते. सेंटिमीटरभराची झाली की दर दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी काढा आणि शेवटची दहा-बारा तशीच ठेवा. जोडी पुढचा दगड साफ करायला लागली, जुन्या पिल्लांना जवळ येऊ देईना, की तीही उचलायची.